जीआयएफ राहणार की जाणार? आधी कोणती जीआयएफ ते ठरवा

‘एमपी४ आल्यावर जीआयएफ कशाला हवी?’ असं एक जण विचारतो. दुसरा म्हणतो, ‘संपली कुठे, मी तर रोज दहा पाठवतो.’ दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात, कारण ते वेगवेगळ्या वस्तूंबद्दल बोलत असतात. कुटुंबाच्या ग्रुपवर सकाळी येणारा वाफाळता चहा, विकेट पडल्यावर येणारा तीन सेकंदांचा नाच, डोळे मिचकावणारं मांजर, यातलं जवळजवळ काहीच जीआयएफ फाइल, म्हणजे हलतं चित्र साठवणारी जुन्या प्रकारची फाइल, नसते. तो आवाज काढून टाकलेला, पुन्हा पुन्हा फिरणारा एमपी४ व्हिडिओ असतो.

खात्री करायची असेल तर अँड्रॉइड फोनमध्ये व्हॉट्सअ‍ॅपच्या मीडियात ‘व्हॉट्सअ‍ॅप अ‍ॅनिमेटेड जिफ्स’ नावाचा फोल्डर उघडा. आतल्या फाइलींच्या नावांच्या शेवटी .एमपी४ दिसेल. ट्विटरने २०१४ मध्ये जीआयएफ घ्यायला सुरुवात केली तीच मुळी चढवलेली फाइल आत एमपी४ करून. टेलिग्रामही तेच करतं. म्हणजे ‘मुका लूप’ हा प्रकार व्हिडिओकडे जाऊन बरीच वर्षं झाली. तो जीआयएफच्या खात्यात जमा धरून ‘जीआयएफ अमर आहे’ म्हणणं चूक, आणि तो गेला म्हणून जीआयएफ फाइल मेली म्हणणंही तितकंच चूक.

इतिहास बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. कॉम्प्युसर्व्ह या कंपनीत स्टीव्ह विल्हाइट यांच्या हाताखाली १९८७ साली हा फॉरमॅट झाला. १९८९ च्या सुधारणेत पारदर्शकता आणि दोन फ्रेममधला विराम आला. १९९५ मध्ये नेटस्केप या ब्राउझर कंपनीने ‘शेवटी पोचलास की पुन्हा पहिल्यापासून’ ही सूचना जोडली. आज बनवलेली फिरती जीआयएफ एखाद्या साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली, तर सुरुवातीला १९८९ च्या आवृत्तीचं नाव आणि थोडं पुढे चक्क नेटस्केपचं नाव वाचता येतं. ती कंपनी कधीच गेली, तिची सूचना मात्र सगळे ब्राउझर अजून पाळतात. फाइल लहान करण्यासाठी जीआयएफ वापरते त्या एलझेडडब्ल्यू या आकुंचनपद्धतीच्या पेटंटवरून मोठं वादंग झालं, त्यातून पीएनजी हा चित्रांचा नवा फॉरमॅट जन्माला आला, आणि २००३ मध्ये अमेरिकेतलं ते पेटंट संपलं. आवाज जीआयएफमध्ये नाही, रंग एका फ्रेमला जास्तीत जास्त २५६. हे फरक कोणीही सांगेल आणि त्यात कोणी अडतही नाही.

लोक अडतात ते एकाच ठिकाणी. जीआयएफ हे चित्र आहे आणि एमपी४ हा व्हिडिओ, आणि हा फरक फाइलीच्या शेवटच्या अक्षरांपुरता नाही. हालचाल साठवण्याची तऱ्हाच दोन्हींत वेगळी आहे.

जीआयएफमध्ये एकामागून एक चित्रं ठेवलेली असतात. मागच्या चित्रातला न बदललेला भाग वगळून फक्त बदललेला चौकोन ठेवण्याची सोय आहे, पण तेवढीच. ‘मागच्या फ्रेममधला हा तुकडा ८ पिक्सेल उजवीकडे सरकला’ असं जीआयएफला सांगताच येत नाही. सरकलेला तुकडा तिच्या लेखी सगळा नवा, म्हणून तो पुन्हा सगळा लिहायचा. एमपी४मध्ये सहसा असतो तो एच.२६४ कोडेक (व्हिडिओ आवळण्याची पद्धत) नेमकं हेच सरकणं नोंदवतो. अधूनमधून एक पूर्ण फ्रेम, आणि मधल्या फ्रेममध्ये काय कुठून कुठे गेलं आणि किती बदललं याचा हिशेब.

पणतीचा लूप घ्या. पार्श्वभूमी सपाट, पणती स्थिर, फक्त ज्योत हलते. जीआयएफला एवढा लहानसा चौकोन बदलावा लागतो, फाइल आटोपशीर राहते. आता एसटीच्या खिडकीतून काढलेला वरंध घाट घ्या. प्रत्येक फ्रेममध्ये प्रत्येक पिक्सेल हललेला. ४८० बाय २७० पिक्सेल, सेकंदाला १५ फ्रेम, ६ सेकंद. एका फ्रेमला १,२९,६०० पिक्सेल, अशा ९० फ्रेम. पिक्सेलमागे एक बाइट धरला तर १ कोटी १६ लाखांहून जास्त बाइट. एलझेडडब्ल्यूला सलग एकसारखे रंग सापडले तर ते आवळता येतात, पण झाडी, धुकं आणि खडक यांत सलग असं काही नसतंच. तोच तुकडा सेकंदाला ५०० किलोबिट दराच्या एमपी४मध्ये ३७५ केबीत बसतो आणि दिसतोही जास्त चांगला. त्यामुळे ‘जीआयएफ जड असते’ हे वाक्य मला अर्धवट वाटतं. घाटाची जीआयएफ जड असते, पणतीची नसते.

गतीचंही तसंच. जीआयएफमध्ये दोन फ्रेममधला विराम सेकंदाच्या शंभराव्या भागांत, पूर्णांकात लिहितात. सेकंदाला ६० फ्रेम तिला जमतच नाहीत. विराम ० किंवा १ ठेवला तर ब्राउझर तो १० धरतात, म्हणजे सेकंदाला फक्त दहा फ्रेम. ‘वेग वाढवला तर उलट रांगायला लागली’ या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. विराम २ ठेवा, प्रश्न मिटतो.

आता माझा खरा राग. कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवरून ‘जीआयएफ’ उतरवून घेतो. ती वेबसाइटवर चित्र म्हणून चढत नाही, कारण ती एमपी४ असते. मग तो नावातली शेवटची अक्षरं बदलून .जीआयएफ करतो. नाव बदलून आतलं काही बदलत नाही. फाइलीचे पहिले काही बाइट तपासणारं कुठलंही सॉफ्टवेअर ती परत करतं. मग तो फुकट रूपांतर करून देणाऱ्या साइटकडे जातो. मूळ व्हिडिओ आकार कमी करायला आधीच एकदा दाबलेला. त्या दाबण्याने उठलेले पुसट डाग आता २५६ रंगांत बसवायचे, म्हणून आकाशभर ठिपके उठतात, आणि ४०० केबीची फाइल ६ एमबी होते. वर कोपऱ्यात त्या साइटचा शिक्का. आणि दोष कुणाला? जीआयएफला! एमपी४ मिळाली असेल तर एमपी४च ठेवा. जीआयएफ हवीच असेल तर मूळ चित्रांपासून बनवा.

असं असेल तर जीआयएफ टिकली कशी? ती चित्र आहे म्हणूनच. इमेज टॅगमध्ये, म्हणजे वेबपानात चित्र लावायच्या साध्या खुणेत, टाकली की चालू झाली. प्लेअर नको, परवानगी नको. व्हिडिओ आपोआप चालू करायला मोबाइल ब्राउझर बरीच वर्षं मनाई करत होते. आयफोनने २०१६ मध्ये, आयओएस १० पासून, मुक्या व्हिडिओला पानातच आपोआप चालायची मुभा दिली. अँड्रॉइडवरच्या क्रोमनेही त्याच वर्षी. जीआयएफची मक्तेदारी त्या वर्षी संपली असं मी मानतो. त्यानंतरही वेबसाइटच्या माथ्यावर २० एमबीची जीआयएफ लावणाऱ्या डिझायनरला माझ्याकडे माफी नाही. ग्रामीण भागात मोबाइल डेटावर ते पान उघडणारा माणूस त्याची किंमत मोजतो.

मात्र सगळंच एमपी४ करा असं म्हणणाऱ्यांशीही माझं पटत नाही. नेहमीच्या एच.२६४ व्हिडिओत रंगाची माहिती दर चार पिक्सेलमागे एकदाच साठवतात. माणसाच्या चेहऱ्यावर ते कळत नाही. हिरव्या पट्टीवर लाल बारीक देवनागरी लिहा आणि बघा: अनुस्वार विरघळतो, रफार शेजारच्या रंगात मिसळतो. मोजक्या सपाट रंगांच्या, अक्षरं असलेल्या लहान आकृतीत जीआयएफ एकेक पिक्सेल जसाच्या तसा ठेवते. सरकारी संकेतस्थळांवर सूचनेच्या शेजारी लुकलुकणारा ‘नवीन’चा इवलासा बिल्ला डोळ्यांना खुपतो हे खरं, पण तांत्रिकदृष्ट्या ती निवड योग्यच आहे. मराठी विकिपीडियावर चार फटक्यांच्या (फोर-स्ट्रोक) इंजिनाची हलती आकृती हवी असेल, तर ती ज्या विकिमीडिया कॉमन्सवर ठेवायची तिथे एमपी४ थेट घेतच नाहीत; जीआयएफ घेतात.

एक गोष्ट मात्र जीआयएफच्या बाजूने कधीच बोलता येणार नाही: तिच्यात थांबवायची सोयच नसते. आपोआप सुरू होणारी हालचाल पाच सेकंदांपेक्षा जास्त चालत असेल तर ती थांबवायची सोय हवी, असं वेब सुगम्यतेचे, म्हणजे अपंगांनाही वेबसाइट वापरता यावी यासाठीचे, नियम सांगतात. ऑनलाइन फॉर्म कसा भरायचा हे दाखवायला फिरती जीआयएफ लावू नका. बघणाऱ्याची तिसरी पायरी हुकली की त्याला पुन्हा सगळं पहिल्यापासून बघत बसावं लागतं. तिथे थांबवता येणारा व्हिडिओच द्या.

तेव्हा जीआयएफ फाइलचा खरा प्रतिस्पर्धी एमपी४ नाहीच. ती जागा घेऊ शकतात ती दुसरी हलती चित्रं: वेबपी आणि एपीएनजी. दोन्ही इमेज टॅगमध्ये चालतात, दोन्हींना लाखो रंग आणि खरी, पायरीपायरीने विरळ होणारी पारदर्शकता आहे. जीआयएफमध्ये पिक्सेल एक तर दिसतो नाहीतर नसतो, म्हणून गोल चिन्हाच्या कडेला ती पांढरट किनार उरते. व्हॉट्सअ‍ॅपचे हलते स्टिकर वेबपीच आहेत, ५१२ बाय ५१२ पिक्सेलचे. सफारीने २०२० मध्ये वेबपी स्वीकारल्यावर ब्राउझरची अडचण संपली. एपीएनजी तर २०२५ मध्ये पीएनजीच्या अधिकृत मानकात दाखल झालं. नवी वेबसाइट बनवत असाल तर हलत्या चिन्हांसाठी मी आज वेबपी घेईन, जीआयएफ नाही.

ईमेलमध्ये मात्र जीआयएफच. तिथे व्हिडिओचा भरवसा नाही आणि वेबपीही सगळीकडे उघडत नाही. फक्त एक काळजी घ्या. विंडोजवरची आउटलुकची २००७ ते २०१६ ही जुनी रूपं जीआयएफची पहिलीच फ्रेम दाखवून थांबतात, आणि ती अजून कितीतरी कार्यालयांत वापरात आहेत. निमंत्रण असेल तर तारीख, वेळ आणि ठिकाण पहिल्या फ्रेममध्येच आणा. तोरणं आणि दिवे नंतर हलू देत.