सेडान मोटारीची बदली चाके व टायर

मोटारीबरोबर कंपनीकडून आलेली चाके उतरवून त्या जागी दुसऱ्या मापाची, घडणीची किंवा रूपाची चाके आणि टायर बसवणे. बीएमडब्ल्यू ३ सीरीज, मर्सिडीज-बेंझ सी-क्लास, ऑडी ए४, टोयोटा कॅमरी अशा गाड्यांत ही बदली बहुधा दोन कारणांनी होते. गाडी रुबाबदार दिसावी हे एक, आणि मूळचे रन-फ्लॅट टायर (हवा गेल्यावरही काही अंतर धावणारे) फार कडक वाटतात हे दुसरे. पहिल्या कारणाने केलेली खरेदी चाक बघून होते, दुसऱ्या कारणाची माप बघून; फसते ती बहुतेक वेळा पहिली.

इंदूरपुरते बोलायचे तर शेजारच्या पीथमपूरला नॅट्रॅक्स हे वाहनचाचणी केंद्र आहे. तिथला ११.३ किलोमीटरचा अतिवेगवान ट्रॅक २०२१ मध्ये सुरू झाला. ब्रिजस्टोनचा टायर कारखानाही त्याच पट्ट्यात, खेडा येथे आहे. पण गाडी फिरते ती शहरात, आणि शहरातले बरेच रस्ते सिमेंटचे: सांधे आपटतात, मॅनहोलची झाकणे कुठे वर तर कुठे खाली. माळव्याची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे डांबरी रस्त्यांना लाटा येतात आणि कडा खचतात. शिवाय इथल्या मराठी घरातली गाडी दिवाळीत किंवा मे महिन्यात पाच माणसे आणि डिकीभर सामान घेऊन सेंधव्याचा बिजासन घाट उतरून धुळे, नाशिक, पुण्याकडे निघते. चाके-टायर निवडायचे ते या भरलेल्या गाडीचा विचार करून. इंदूरच्या सुपर कॉरिडॉर रस्त्यावर रविवारी सकाळी एकट्याने मारलेली फेरी ही कसोटी नव्हे.

टायरचे माप

टायरवर ‘२२५/५० आर १७ ९४ डब्ल्यू’ असे लिहिलेले असते. २२५ ही मिलिमीटरमधली रुंदी. ५० म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ५० टक्के, म्हणजे ११२.५ मिमी. आर म्हणजे रेडियल, १७ हा रिमचा इंचांतला व्यास. ९४ हा भारांक असून त्याचा अर्थ एक टायर जास्तीत जास्त ६७० किलो पेलतो. डब्ल्यू म्हणजे ताशी २७० किमीपर्यंतचा वेग. भिंतीची दुप्पट उंची आणि रिमचा व्यास यांची बेरीज केली की टायरचा बाहेरचा व्यास मिळतो, इथे ६५६.८ मिमी. मोठे रिम घालताना हा व्यास जवळपास तोच राहिला पाहिजे. २२५/४५ आर १८ चा व्यास ६५९.७ मिमी भरतो, २४५/३५ आर १९ चा ६५४.१. दोन्ही अर्ध्या टक्क्याच्या आत आहेत, म्हणून कागदावर दोन्ही चालतात. तीन टक्क्यांची सूट असते असे दुकानात सांगतात. ती उणे बाजूला एक वेळ चालेल, अधिक बाजूला एका टक्क्यापलीकडे जाऊ नये. व्यास वाढला की स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवू लागतो, आणि चाकाच्या कमानीतली जागाही घटते.

व्यास सारखा राहिला तरी भिंत सारखी राहत नाही. १७ वरून १९ इंचांवर जाताना ती ११२ मिमीवरून ८६ मिमीवर येते. खड्ड्याची कड टायरला रिमवर दाबते तेव्हा मधे असते ते हेच रबर. ते पुरले नाही की भिंतीतले धागे तुटतात आणि तिथे फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, तो बदलावाच लागतो. रिमची आतली कड वाकली असेल तर तो खर्च वेगळा. इंदूरच्या रस्त्यांवर या वर्गातल्या गाडीसाठी १८ इंच ही शहाणपणाची वरची मर्यादा मानावी. कंपनीनेच १९ इंची दिली असतील आणि ब्रेकला जागा राहत असेल, तर उलट एक इंच खाली उतरणे हा उत्तम बदल आहे. तो फारसे कोणी करत नाही, कारण तो दिसत नाही.

भारांकाच्या बाबतीत एक चूक वारंवार होते. कमी भिंतीचे टायर बहुधा ‘एक्सएल’, म्हणजे जास्त दाबावर जास्त भार घेणारे असतात. साध्या टायरचा भारांक २५० किलोपास्कलला (३६ पीएसआय) धरलेला असतो, एक्सएलचा २९० ला (४२ पीएसआय). त्यामुळे मूळचा ९४ भारांकाचा साधा टायर ३३ पीएसआयला सुमारे ६२० किलो पेलतो. त्याच ३३ वर ठेवलेला ९५ भारांकाचा एक्सएल टायर मात्र सुमारे ५७० किलोच पेलतो, जरी भिंतीवरचा आकडा मोठा असला तरी. मागच्या ॲक्सलचा कमाल भार १२०० किलो असेल तर प्रत्येक टायरवर ६०० किलो येतात. म्हणजे दाराच्या चौकटीवरचा जुना दाब नव्या टायरला तसाच लावला तर भरलेली गाडी कमी हवेवर धावते, भिंत तापते आणि टायर फुटतो. या उदाहरणात ३६ पीएसआयला हिशेब जेमतेम जुळतो, ३८ ला थोडी मोकळीक मिळते. हवा सकाळी, टायर थंड असताना मोजावी. मे महिन्यातल्या दुपारी, धावून आलेल्या गाडीत चार-पाच पीएसआय जास्त दिसतात. ते सोडू नयेत.

चाकाची मापे

चाकाला पाच मापे असतात आणि पाचही जुळावी लागतात. पहिले म्हणजे बोल्टच्या वर्तुळाचा व्यास, पीसीडी. बीएमडब्ल्यू ३ सीरीजच्या एफ३० पिढीत तो ५×१२० (पाच बोल्ट, १२० मिमी) आहे. नंतरच्या जी२० मध्ये तो ५×११२ झाला. मर्सिडीज सी-क्लास आणि ऑडी ए४ यांचाही ५×११२. कॅमरीचा ५×११४.३, जॅग्वार एक्सएफचा ५×१०८. ११२ आणि ११४.३ मधला फरक डोळ्याला कळत नाही आणि बोल्ट ओढून बसवताही येतो. असे बसवलेले चाक कधी तरी सैल होणारच.

मधल्या भोकाचे माप, म्हणजे सेंटर बोअर, हे दुसरे. स्कोडा सुपर्ब आणि ऑडी ए४ दोन्हींचा पीसीडी ५×११२, पण सुपर्बच्या हबचा (चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागाचा) व्यास ५७.१ मिमी आणि ए४ चा ६६.५. सुपर्बचे मूळ चाक ए४ वर चढतच नाही. उलट दिशेने चढते, पण खुळखुळते. बाजारातल्या चाकांचे भोक मुद्दाम मोठे ठेवतात आणि फट हब रिंगने भरतात. रिंग नसली की ताशी ८० ते ११० किमीच्या दरम्यान स्टीअरिंग थरथरते आणि बॅलन्सिंग तीनदा केले तरी थांबत नाही. प्लास्टिकची रिंग लांब घाटातल्या ब्रेकच्या उष्णतेने मऊ पडू शकते. ॲल्युमिनियमचीच मागावी.

तिसरे आणि चौथे माप, रुंदी आणि ऑफसेट, एकत्र बघायची. चाकाच्या रुंदीचा मध्य आणि हबला टेकणारा पृष्ठभाग यांतले मिलिमीटरमधले अंतर म्हणजे ऑफसेट. चाकावर ते ‘ईटी’ म्हणून कोरलेले असते. समजा मूळ चाक ७.५ इंच रुंद, ईटी ३० आहे आणि नवे ८.५ इंच, ईटी ३५. एक इंच जादा रुंदी दोन्हीकडे १२.७ मिमी वाटली जाते. ऑफसेट पाचने वाढल्यामुळे आतल्या बाजूला १२.७ अधिक ५, म्हणजे १७.७ मिमी जागा लागते आणि बाहेर १२.७ उणे ५, म्हणजे ७.७ मिमी. शॉक ॲब्सॉर्बरच्या नळीपासून नव्या टायरला किमान ५ मिमी मोकळी जागा उरली पाहिजे. मूळ टायरपासूनचे अंतर आधी मोजून घेतले की उत्तर दुकानात जायच्या आधीच मिळते. फार कमी ऑफसेटची, बाहेर आलेली चाके मड-गार्डच्या कडेला घासतात, चिखल दारांवर उडवतात आणि बेअरिंगवर ताण आणतात. टायरलाही रिमची रुंदी मानवली पाहिजे: २२५/४५ साठी ७ ते ८.५ इंच, २४५/४० साठी ८ ते ९.५. अरुंद टायर रुंद रिमवर ताणून बसवण्याची हौस खड्ड्यांच्या शहरात परवडत नाही. रिमची कड उघडी पडते.

पाचवे माप बोल्टचे, आणि त्याच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते. ऑडी व मर्सिडीजच्या मूळ बोल्टचे बूड, म्हणजे चाकावर टेकणारा भाग, गोल असते, बीएमडब्ल्यूचे ६० अंशांचे शंकूसारखे. बाजारातल्या बहुतेक चाकांना शंकूच लागतो. गोल बुडाचा बोल्ट शंकूच्या खाचेत घातला तर पूर्ण न टेकता एका कड्यापुरता टेकतो. टॉर्क पाना (ठरवलेल्या जोराला आवाज देणारा) ‘खट्’ करतो, सगळे घट्ट वाटते, आणि काहीशे किलोमीटरांत ॲल्युमिनियम दबून बोल्ट ढिला होतो. बोल्ट हाताने फिरवून फेरे मोजावेत: एम१४×१.५ (१४ मिमी जाडी, आट्यांत १.५ मिमी अंतर) ला किमान साडेसात, एम१४×१.२५ ला नऊ. कमी भरले तर लांब बोल्ट घ्यायचा, पण मागे ब्रेकच्या भागाला लागणार नाही हे पाहून.

घडण

साधे ओतीव चाक स्वस्त व जड असते. फ्लो-फॉर्म्ड चाकात ओतल्यानंतर रिमचा भाग फिरवत दाबून पातळ आणि चिवट करतात. फोर्ज्ड, म्हणजे धातू दाबून घडवलेले, चाक सर्वांत हलके आणि सर्वांत महाग. रोजच्या वापराला फ्लो-फॉर्म्ड पुरे. चाकाच्या आतल्या बाजूला माप, ऑफसेट, कमाल भार आणि जेडब्ल्यूएल किंवा व्हीआयए यांसारखी चाचणीची खूण हवी. भार कोरलेलाच नसेल तर चाक कितीही देखणे असो, घेऊ नये.

रन-फ्लॅट आणि साधे टायर

रन-फ्लॅट टायर हवा गेल्यावरही साधारण ताशी ८० किमीने ८० किमी जातो. ते काढून साधे टायर घातले की गाडी लक्षात येण्याइतकी मऊ होते. मात्र अशा बऱ्याच गाड्यांत स्टेपनी नसते; तेव्हा पंक्चर किट आणि हवेचा पंप डिकीत ठेवणे आलेच. चारही टायर एकाच प्रकारचे असावेत. शांत प्रवासासाठी ब्रिजस्टोनची टुरान्झा, मिशेलिनची प्रायमसी या जातीचे टायर. त्यांचेच पोटेन्झा किंवा पायलट स्पोर्ट पकडीला सरस, पण सिमेंटच्या रस्त्यावर आवाज करणारे आणि लवकर झिजणारे. २०२० पासून टायरच्या आयातीवर निर्बंध आहेत, त्यामुळे १९ इंची विरळ मापे वेळेवर मिळतीलच असे नाही. एक टायर फुटल्यावर गाडी उभी राहू नये म्हणून रिम घेण्याआधी टायरची उपलब्धता पाहावी. उत्पादनाची तारीख चार आकड्यांत असते. ‘२३२४’ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. क्वाट्रो, एक्सड्राइव्ह अशा चारचाकी ओढीच्या गाड्यांत पुढच्या-मागच्या टायरांचा घेर जुळला नाही तर पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या ट्रान्सफर केसवर सतत भार पडतो.

बसवणी

हबवरचा गंज तारेच्या ब्रशने काढावा. बोल्टच्या आट्यांना ग्रीस लावू नये. घर्षण कमी होऊन तोच टॉर्क बोल्टला जास्त ताणतो. चाक हवेत असताना बोल्ट हाताने, समोरासमोरच्या क्रमाने बसवावेत आणि गाडी खाली आणल्यावर टॉर्क पान्याने शेवट करावा. ऑडीला बहुधा १२० न्यूटन-मीटर, बीएमडब्ल्यूच्या एम१४ बोल्टला १४०. आपल्या गाडीचा आकडा पुस्तिकेत पाहावा. एअर-गनने शेवट करू देऊ नये. ५० ते १०० किमीनंतर पुन्हा तपासावे. मागे तिघांना बसवून, स्टीअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून, पुढे आणि रिव्हर्समध्ये, ब्रेकरवरूनही गाडी काढावी. मड-गार्डच्या आतल्या कडेला मातीचा गोळा चिकटवला तर टायर कुठे लागतो ते त्यावर उमटते.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाही. म्हणून कंपनीने त्याच मॉडेलच्या वरच्या श्रेणीत दिलेले माप निवडणे सर्वांत सुरक्षित. विमा कंपनीला लेखी कळवून चाकांची किंमत पॉलिसीत चढवून घ्यावी.

जुनी चाके

वापरलेली अलॉय चाके घेताना रंगापेक्षा आतली बाजू पाहावी. वेल्डिंग करून बुजवलेला तडा, तापवून सरळ केलेली कड आणि त्यावरचा ताजा चंदेरी रंग हे तिन्ही नाकारायचे. टायर उतरवून चाक बॅलन्सिंगच्या यंत्रावर रिकामे फिरवले की वाक लगेच दिसतो. विक्रेता त्याला तयार नसेल तर सौदा सोडावा.