महामार्गांची पर्यावरणीय जनसुनावणी (मुंबई महानगर प्रदेश)

नव्या महामार्गामुळे जमीन, पाणी, जंगल, खाडी आणि लोकांच्या उपजीविकेवर काय परिणाम होतील, याचा मसुदा अहवाल मंजुरीआधी स्थानिकांपुढे ठेवून त्यांचे म्हणणे नोंदवून घेण्याची वैधानिक प्रक्रिया. मुंबईच्या संदर्भात ती मुख्यतः ठाणे, पालघर आणि रायगड या जिल्ह्यांत होते. शहराला जोडणारे मोठे रस्ते तिथल्या शेतांतून, खाजणांतून आणि आदिवासी पाड्यांवरून येतात. नागपूरहून येणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग भिवंडी तालुक्यात आमणे येथे संपतो. सुमारे १२६ किलोमीटरची विरार–अलिबाग बहुउद्देशीय मार्गिका वसईपासून पेणच्या बाजूला उतरते. मुंबई–वडोदरा द्रुतगती मार्गही पालघर आणि ठाण्यातूनच जातो. रस्ता मुंबईसाठी आणि जमीन मात्र दुसऱ्या जिल्ह्याची, अशी ही रचना असल्याने सुनावणीत बोलणारा माणूस बहुतेक वेळा त्या रस्त्याचा रोजचा वापरकर्ता नसतो.

लोकांना विचारले जाते, पण ते आखणी नकाशावर ठरल्यानंतर. या प्रक्रियेची ही सर्वांत मोठी उणीव आहे आणि मुंबईच्या अनुभवातून ती पुन्हा पुन्हा दिसली आहे.

कायद्याची घडण

पर्यावरण (संरक्षण) अधिनियम १९८६ मध्ये झाला. त्याखाली २७ जानेवारी १९९४ रोजी पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाची पहिली अधिसूचना निघाली, तरी जनसुनावणी सक्तीची झाली ती एप्रिल १९९७ च्या दुरुस्तीने. सध्याची चौकट १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेची आहे. तिच्यात छाननी, अभ्यासाची व्याप्ती ठरवणे, लोकांशी विचारविनिमय आणि तज्ज्ञ समितीचे मूल्यमापन असे टप्पे आहेत. अभ्यासात काय तपासायचे हे दुसऱ्या टप्प्यात ठरते आणि तिथे स्थानिकांना जागा नाही. तिसऱ्या टप्प्यात ते पहिल्यांदा प्रक्रियेत येतात, तोपर्यंत अहवालाचा मसुदा छापून तयार असतो. खरे तर अहवालात ‘पर्यायांचे विश्लेषण’ असे स्वतंत्र प्रकरण लागते. दुसरी कोणती आखणी विचारात घेतली होती आणि ती का सोडली, हे त्यात लिहिलेले असायला हवे. अहवाल हाती आला की आधी हे प्रकरण काढून वाचावे. सुनावणीत विचारता येण्याजोगे सर्वांत अवघड प्रश्न तिथूनच निघतात.

सुनावणी कशी होते

प्रकल्पाची यंत्रणा, मग ती एमएसआरडीसी (महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ) असो, एमएमआरडीए (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) असो की राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे अर्ज करते. मंडळ एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक भाषेतल्या दैनिकात जाहिरात देते आणि किमान ३० दिवसांची मुदत ठेवते. वर्तमानपत्र पोहोचत नाही अशा गावांत दवंडी पिटून कळवावे, असेही नियमात स्पष्ट आहे. मसुदा अहवाल जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद किंवा महापालिका, जिल्हा उद्योग केंद्र अशा ठिकाणी पाहायला ठेवावा लागतो. मराठीत मिळतो तो फक्त सारांश. शेकडो पानांचा मूळ अहवाल, तक्ते, नकाशे आणि परिशिष्टे इंग्रजीत असतात. ज्या शेतकऱ्याच्या गट क्रमांकावरून रस्ता जाणार आहे, त्याने आपल्या शेताचा पाण्याचा हिशोब परक्या भाषेतल्या परिशिष्टात शोधायचा, हा अन्याय आहे आणि तो दूर करणे मुळीच अवघड नाही.

सुनावणी प्रकल्पाच्या जागी किंवा तिच्या जवळ घ्यावी लागते. रस्ता एकाहून अधिक जिल्ह्यांतून जात असेल तर ती प्रत्येक जिल्ह्यात वेगळी होते. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकारी दर्जाहून खालचा नसलेला अधिकारी असतो आणि मंडळाचा प्रतिनिधी त्याला साहाय्य करतो. आधी यंत्रणेसाठी अहवाल तयार करणारा सल्लागार सादरीकरण करतो, मग लोक बोलतात. सगळ्याचे चित्रीकरण होते. शेवटी नोंदवलेले मुद्दे उपस्थितांना स्थानिक भाषेत वाचून दाखवायचे, त्यांवर सहमती घ्यायची आणि अध्यक्षाने त्याच दिवशी इतिवृत्तावर सही करायची, असा नियम आहे. थकलेला मांडव रिकामा होऊ लागतो तेव्हा हे वाचन सुरू होते आणि ते ऐकायला थांबणारे थोडे असतात. पण पुढे तज्ज्ञ समितीसमोर इतिवृत्तच जाते, भाषण जात नाही. ‘स्थानिकांनी पाण्याबाबत चिंता व्यक्त केली’ एवढीच ओळ उतरली असेल तर ती तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्यावी. हरकत लेखी द्यावी आणि प्रतीवर पोच घ्यावी. प्रत्यक्ष येऊ न शकणाऱ्यालाही लेखी म्हणणे मंडळाकडे पाठवता येते.

उपस्थितीला गणसंख्येची अट नाही, त्यामुळे मोजकी माणसे आली तरी सुनावणी वैध ठरते. मतदानही होत नाही. सगळ्या गावाने एकमुखाने विरोध केला म्हणून प्रकल्प रद्द होत नाही. उपस्थित झालेल्या प्रत्येक मुद्द्याला यंत्रणेने उत्तर देऊन अंतिम अहवाल सुधारावा, एवढेच बंधन आहे. हे माहीत नसल्याने अनेक गावे पहिल्याच दिवशी सगळा जोर घोषणांत खर्च करतात आणि नंतर हताश होतात.

पावसाळा वगळलेला अभ्यास

अशा अहवालांतली पायाभूत आकडेवारी बहुधा एकाच ऋतूची घेतात आणि त्यातही पावसाळा वगळतात. कोकणाच्या पट्टीला हा नियम लावणे म्हणजे मुख्य गोष्ट सोडून बाकीचे मोजणे होय. उरण, पेण, अलिबाग आणि वसईच्या खारपट्ट्यात जमीन समुद्रसपाटीच्या जवळ आहे. बांधबंदिस्ती करून खारे पाणी बाहेर ठेवायचे आणि उघाडीच्या झडपांतून पावसाचे पाणी ओहोटीला खाडीत सोडायचे, अशी तिथल्या भातशेतीची पिढ्यान्‌पिढ्यांची व्यवस्था आहे. उधाणाची भरती आणि मोठा पाऊस एकाच दिवशी आले की उघाडी बंद राहते आणि पाणी शेतातच थांबते. अशा जमिनीवर महामार्गाचा उंच भराव आडवा आला तर तो दुसरा बांधच होतो. मग भातशेती जगेल की कुजेल हे भरावाखालच्या मोऱ्या किती, कुठे आणि कोणत्या पातळीवर आहेत यावर ठरते. फेब्रुवारीत पाहणीला आलेल्या सल्लागाराला ते ठिकाण कोरडे दिसते. जुलैत तिथे पाणी कुठून येते, किती दिवस उभे राहते आणि कोणत्या नाल्याने निघते, हे तिथे लावणी करणाऱ्यालाच माहीत असते.

म्हणूनच सुनावणीत ‘आमची शेती बुडेल’ असे म्हणण्यापेक्षा गट क्रमांक, नाल्याचे स्थानिक नाव आणि पाणी चढल्याची खूण सांगणारे निवेदन कितीतरी वजनदार ठरते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. पाण्याची वाट अडली की काय होते, हे तेव्हापासून मुंबईकराला वेगळे सांगावे लागत नाही. खारपट्ट्यातल्या माणसालाही तेच सांगायचे असते.

सुनावणीच्या कक्षेबाहेरचे रस्ते

सर्व रस्त्यांना जनसुनावणी लागू नाही. नवे राष्ट्रीय आणि राज्य महामार्ग अधिसूचनेच्या यादीत आहेत. रुंदीकरणासाठी मात्र मर्यादा सैल होत गेल्या. २०१३ च्या दुरुस्तीनंतर राष्ट्रीय महामार्गाचे रुंदीकरण १०० किलोमीटरपेक्षा लांब असेल आणि जादा जागेची रुंदी ठरलेल्या मर्यादेपलीकडे जात असेल तरच पूर्वमंजुरी लागते. जादा भूसंपादन नसलेल्या विस्तारालाही सुनावणीतून सूट आहे. महापालिकेचे शहरी रस्ते महामार्ग म्हणून या यादीत येत नाहीत.

त्यामुळे खुद्द मुंबईत लोकांचा सहभाग तुकड्यातुकड्यांनी होतो. विकास आराखड्यात फेरबदल असेल तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम ३७ खाली हरकती मागवतात. झाडे तोडायची असतील तर १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली त्या त्या झाडावर नोटीस चिकटवली जाते. कांदळवन असेल तर मुंबई उच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१८ च्या निकालानुसार न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. एका रस्त्यासाठी नागरिकाला तीन कार्यालयांचे दरवाजे ठोठवावे लागतात आणि संपूर्ण रस्त्याबद्दल प्रश्न विचारण्याची जागा कुठेच राहत नाही.

हरकतींचा जोर किती असू शकतो हे २०१५ मध्ये दिसले. २०३४ पर्यंतच्या विकास आराखड्याचा मसुदा त्या वर्षी फेब्रुवारीत प्रसिद्ध झाला. त्यातल्या असंख्य चुका लोकांनी आपापल्या गल्लीचे नकाशे तपासून दाखवल्या आणि हजारो हरकती दाखल झाल्या. एप्रिलमध्ये राज्य सरकारने मसुदा नव्याने करायला सांगितले. सुधारित मसुदा २०१६ मध्ये आला आणि २०१८ मध्ये आराखडा मंजूर झाला. कागद पक्का होण्याआधी लोकांना दाखवला की तो सुधारता येतो, याचे याहून चांगले उदाहरण शहरात नाही.

सांताक्रूझ–चेंबूर आणि वरळी

सांताक्रूझ–चेंबूर जोडरस्ता जागतिक बँकेच्या कर्जातून मुंबई नागरी परिवहन प्रकल्पात घेतलेला होता. विस्थापित होणारे दुकानदार आणि रहिवासी पुनर्वसनाबाबत आपल्याला विचारलेच नाही अशी तक्रार घेऊन २००४ मध्ये थेट बँकेच्या तपासणी मंडळाकडे गेले. मंडळाच्या अहवालानंतर मार्च २००६ मध्ये बँकेने रस्ते आणि पुनर्वसन या घटकांचे पैसे थांबवले. सुधारणांची हमी मिळाल्यावर त्याच वर्षी जूनमध्ये ते पुन्हा सुरू केले. रस्ता खुला झाला २०१४ मध्ये. सुरुवातीला सल्लामसलतीत वाचवलेला वेळ पुढे कैक पटींनी गेला.

सागरी किनारा मार्गाची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. मरीन ड्राइव्ह ते वांद्रे–वरळी सागरी सेतूच्या वरळी टोकापर्यंतच्या १०.५८ किलोमीटरच्या या मार्गाला मे २०१७ मध्ये किनारा नियमन क्षेत्राची मंजुरी मिळाली. १६ जुलै २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि २००६ च्या अधिसूचनेखाली पर्यावरण मंजुरी घेणे आवश्यक असल्याचे सांगितले. १७ डिसेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली आणि काम पुन्हा सुरू झाले. मार्च २०२४ पासून रस्ता टप्प्याटप्प्याने खुला होत गेला.

या काळात वरळी कोळीवाड्याने एक अगदी नेमकी मागणी लावून धरली. सागरी सेतूला जोडणाऱ्या पुलाच्या दोन खांबांमध्ये ६० मीटर अंतर आखले होते. क्लीव्हलँड बंदरातून निघणाऱ्या होड्यांना खडकांमधल्या वाटेने जावे लागते. पावसाळी लाटेत होडी सरळ रेषेत चालत नाही, आजूबाजूला फेकली जाते आणि त्यातच समोरून दुसरी होडी येते. कागदावर पुरेसे वाटणारे ६० मीटर तिथे पुरत नाहीत, असे कोळी बांधव सांगत होते. निवेदने झाली, बैठका झाल्या, शेवटी होड्या समुद्रात नेऊन त्यांनी काम अडवले. अखेर २०२२ च्या अखेरीस एक खांब वगळून अंतर १२० मीटर करण्याचे मान्य झाले. हा बदल घडला तेव्हा खांबांचे काम सुरू होण्याच्या टप्प्यावर होते. रोज समुद्रावर जाणाऱ्या माणसाला आराखड्याच्या वेळीच विचारले असते तर हीच माहिती काही वर्षे आधी मिळाली असती.

भूसंपादनातली हरकत

जनसुनावणी आणि भूसंपादनातली हरकत यांची गल्लत होते. राष्ट्रीय महामार्ग अधिनियम १९५६ च्या कलम ३ अ खाली जमीन संपादनाचा इरादा जाहीर करणारी अधिसूचना निघाली की जमीनधारकाला २१ दिवसांत हरकत नोंदवता येते. ही हरकत सक्षम प्राधिकाऱ्याकडे, बहुधा प्रांताधिकाऱ्याकडे जाते आणि तिचा पर्यावरण अहवालाशी संबंध नसतो. सुनावणीत मोबदल्याचा मुद्दा मांडला म्हणून ही मुदत वाढत नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्यातले सामाजिक परिणाम मूल्यांकन राष्ट्रीय महामार्गांच्या संपादनाला लागू नाही, त्यामुळे सातबारावर नाव नसलेली कुळे, मजूर आणि मिठागर कामगार यांना आपले नुकसान मांडायला पर्यावरणाची सुनावणी हीच एक जागा उरते. पालघरच्या अनुसूचित क्षेत्रात १९९६ च्या पेसा (अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींविषयीच्या) कायद्याने भूसंपादनापूर्वी ग्रामसभेशी किंवा योग्य स्तरावरील पंचायतीशी विचारविनिमय बंधनकारक आहे.

अलीकडचे वाद

२०२० मध्ये केंद्राने मूल्यांकनाच्या नव्या अधिसूचनेचा मसुदा काढला. त्यात सुनावणीच्या नोटिशीची मुदत ३० वरून २० दिवसांवर आणायचे सुचवले होते. मसुद्याची भाषांतरे राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषांत करावीत, असे दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जून २०२० रोजी सांगितले. देशभरातून लाखो प्रतिक्रिया गेल्या आणि मसुदा त्या रूपात लागू झाला नाही.

त्याच वर्षी २८ मार्च रोजी, टाळेबंदी सुरू होऊन चार दिवस झाले असताना, रस्ते आणि पाइपलाइनसारख्या रेषीय प्रकल्पांसाठी साधी माती उपसण्याला पूर्वमंजुरीतून सूट देणारी अधिसूचना निघाली होती. भरावासाठी टेकड्या पोखरल्या जातात अशा ठाणे–रायगडच्या गावांसाठी ही बाब फार जवळची आहे. लोकांच्या हरकती न मागवता ही सूट दिली होती. २१ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली, आणि हरकतींची पायरी वगळणे हे त्याचे एक प्रमुख कारण होते.

मंजुरीनंतर

पर्यावरण मंजुरीविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाकडे ३० दिवसांत अपील करता येते. सबळ कारण असल्यास आणखी ६० दिवसांपर्यंत उशीर माफ होऊ शकतो. महाराष्ट्रासाठी लवादाचे पश्चिम विभागीय पीठ पुण्यात आहे. मंजुरीपत्रात मोऱ्या, वृक्षलागवड, धूळ आणि डेब्रिज यांबाबत अटी घातलेल्या असतात. त्या पाळल्याचा अहवाल यंत्रणेने दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला, सादर करायचा असतो. हा सार्वजनिक दस्तऐवज आहे, त्यामुळे ग्रामपंचायतीला तो मागवता येतो. इतिवृत्तात आपण नोंदवलेली मोरी अटींत आली का आणि अट आली असेल तर भरावाखाली ती प्रत्यक्ष बांधली का, हे ग्रामपंचायत त्यावरून पावसाआधीच तपासू शकते.