संकेतदिव्यांच्या प्रकाशमापनाचे आलेखन

वाहनाचे ब्रेक लाइट, इंडिकेटर, टेल लॅम्प इत्यादी संकेतदिव्यांची प्रकाशतीव्रता निरनिराळ्या दिशांना मोजून मिळालेले आकडे नियमांतील किमान व कमाल मर्यादांशी ताडून पाहता यावेत, यासाठी ते नकाशा, वक्र किंवा रंगपटाच्या रूपात मांडण्याची ही पद्धत आहे. तीव्रता कँडेला या एककात मोजतात.

मापन गोनिओफोटोमीटरवर होते. दिवा आडव्या व उभ्या कोनांत फिरवून दूरच्या प्रकाशसंवेदकाने प्रत्येक दिशेची नोंद घेतली जाते. संवेदकाचे अंतर व्यस्त वर्ग नियम (अंतर दुप्पट झाले की पडणारा प्रकाश एक चतुर्थांश होतो) लागू पडेल इतके ठेवावे लागते.

संयुक्त राष्ट्रांच्या यूरोपीय आर्थिक आयोगाच्या नियम क्र. ७ मध्ये (नव्या मंजुरींसाठी आता त्याची जागा नियम क्र. १४८ ने घेतली आहे) दिव्याच्या अक्षावरील मध्यबिंदूची किमान तीव्रता १०० टक्के धरून भोवतीच्या बिंदूंची टक्केवारी एका जाळीवर दिलेली आहे. साध्या ब्रेक लाइटसाठी ही किमान तीव्रता ६० कँडेला आहे. त्यामुळे क्षितिजपातळीवर ५ अंश डावी-उजवीकडे ९० टक्के म्हणजे ५४, तर १० अंशांवर ३५ टक्के म्हणजे २१ कँडेला लागतात. जाळीवरचे सर्व बिंदू उत्तीर्ण झाले म्हणजे दिवा उत्तीर्ण झाला, असा समज तक्त्यावरून सहज होतो. पण तो अपुरा आहे. जाळीच्या कोणत्याही चौकटीच्या आतील तीव्रता त्या चौकटीच्या रेषांवर दिलेल्या सर्वांत लहान टक्केवारीइतकी तरी असावी लागते, शिवाय कमाल मर्यादा कोणत्याच दिशेला ओलांडून चालत नाही. काचेवरील भिंगांच्या सांध्यामुळे दोन बिंदूंच्या मधोमध पडलेला काळपट पट्टा तक्त्यात उमटतच नाही. समान तीव्रतेच्या रेषांच्या नकाशावर मात्र त्या रेषा तेथे आत वळलेल्या दिसतात. अर्थात त्यासाठी मापनही पुरेसे दाट हवे, कारण दूरदूरच्या बिंदूंमधली जागा संगणकाने गुळगुळीत रंगाने भरली, तर नकाशा देखणा होतो आणि खोटाही.

रंगश्रेणीची निवडही निर्णायक ठरते. ब्रेक लाइटला मध्यभागी ६० कँडेला हवेत, तर दृश्यतेच्या क्षेत्राच्या, म्हणजे दिवा ज्या कोनांतून दिसलाच पाहिजे त्या भागाच्या, कडेला ०.३ कँडेला पुरतात. हे प्रमाण दोनशेपट आहे. सरळ श्रेणीत कडेचा सगळा भाग एकाच गडद रंगात बुडतो, म्हणून तेथे लॉगरिदमिक श्रेणी (जिच्यात प्रत्येक पायरीला मूल्य ठरावीक पटीने वाढते) वापरणे श्रेयस्कर. त्याहूनही उपयुक्त म्हणजे मोजलेली तीव्रता भागिले आवश्यक तीव्रता असे गुणोत्तर रंगवणे, कारण त्यात १ पेक्षा कमी असलेली जागा लगेच नजरेत भरते. मात्र ठरलेल्या दिशेपासून पाव अंशाच्या आत आवश्यक तीव्रता मिळाली तरी नियम ती ग्राह्य धरतो. त्यामुळे काठावर नापास दिसणाऱ्या बिंदूभोवती तेवढे वर्तुळ काढून मगच निर्णय द्यावा.

अमेरिकेच्या एफएमव्हीएसएस १०८ या वाहन-सुरक्षा मानकात बिंदूंचे विभाग पाडून प्रत्येक विभागातील तीव्रतांची बेरीज तपासली जाते आणि सुट्या बिंदूची तीव्रता त्याच्या किमान मूल्याच्या ६० टक्क्यांपर्यंत खाली आली तरी चालते. येथे नकाशापेक्षा विभागवार स्तंभालेख सोयीचा पडतो.

एलईडी दिवे तापले की मंदावतात, म्हणून त्यांची तीव्रता १ मिनिटानंतर आणि ३० मिनिटांनंतरही मर्यादेत असावी लागते. पहिल्या मिनिटाचा नकाशा स्वतंत्रपणे मोजलाच पाहिजे असे नाही; मध्यबिंदूवर दोन्ही वेळी मिळालेल्या तीव्रतांचे गुणोत्तर ३० मिनिटांनंतरच्या नकाशाला सर्वत्र लावण्याची मुभा आहे. असा नकाशा गणिताने मिळालेला असल्याची नोंद आलेखावर असावी.