पाण्याकाठच्या रेस्टॉरंटमधली वाइन लिस्ट कशी वाचायची

आमच्यासोबत फिरायला येणारे बरेच जण हे विचारतात म्हणून एकदा नीटच लिहून देतोय. बंदराला लागून जी रेस्टॉरंट असतात, मेन्यू चार-पाच भाषांत आणि दारातच पदार्थांचे फोटो, तिथे वाइन घ्यावी का? घ्या की. फक्त एवढं लक्षात ठेवा की तिथलं बरंचसं गिऱ्हाईक एकदाच येणारं असतं, त्यामुळे वाइनकडे दुर्लक्ष केलं तरी मालकाचं चालून जातं, आणि त्याने लक्ष घातलंय का नाही ते लिस्ट बघून बऱ्यापैकी कळतं.

लिस्ट किती लांब आहे ते सोडा, उत्पादकाचं नाव आणि वर्ष (म्हणजे द्राक्षं कोणत्या सालची) दिलंय का ते आधी बघा. नुसतं ‘शाब्ली’ लिहिलं असेल तर शार्दोने द्राक्षाची फ्रान्सची व्हाइट एवढंच समजलं, पण त्या नावाने वाइन बनवणारे ढीगभर आहेत, उत्तमही आणि सुमारही, मग किंमत बरोबर आहे का ते ठरवणार कसं? हलक्या व्हाइट आणि रोझेला, म्हणजे गुलाबी वाइनला, वर्ष तर हवंच, कारण या बहुतेक ताज्याच, एक-दोन वर्षांत प्यायच्या असतात. चार-पाच वर्षं जुनी साधी रोझे दिसली तर बहुधा ती न खपलेली आहे.

आता ग्लासने मिळणारी वाइन, गडबड होते ती जास्त करून इथे. उघडलेली बाटली फ्रिजमध्येही दोन-तीन दिवसच धड राहते, स्पार्कलिंग, म्हणजे बुडबुड्यांची वाइन, तर एखादाच दिवस, म्हणून ग्लासवाल्या वाइन कमी पण रोज खपणाऱ्या असतील तर ते आम्हाला जास्त भरवशाचं वाटतं. बाटली कधी उघडली ते सरळ विचारा, चांगल्या ठिकाणी वेटरला याचा राग येत नाही. ग्लास किती मिलीचा तेही बघा, ७५० मिलीच्या बाटलीत १५० मिलीचे पाच ग्लास होतात, तर ग्लासची किंमत गुणिले पाच करून बाटलीच्या किमतीशी ताडून बघा, दोघं मिळून तीन-चार ग्लास घेणार असाल तर बऱ्याचदा बाटलीच परवडते. बाटली दुकानापेक्षा दुप्पट-तिप्पट महाग असणं हे रेस्टॉरंटमध्ये नेहमीचंच, त्याच्या फार वर गेली तर तुम्ही व्ह्यूचे पैसे भरताय, ते चालणार असेल तर खुशाल भरा, पण माहिती असू द्या.

मेन्यूत सगळे मासे आणि लिस्टमध्ये सगळ्या जड रेड, असं दिसलं तर लिस्ट करणाऱ्याने किचनकडे बघितलेलंच नाही. माशाबरोबर रेड घेतली की कधी कधी तोंडात एक धातूसारखी, उग्र चव राहते, त्यामागे वाइनमधलं लोहही असतं. आंबटसर, कोरड्या (म्हणजे गोड नसलेल्या) व्हाइट शोधा, मस्काडे, अल्बारिन्यो, व्हर्मेंटिनो, असिर्तिको, या समुद्राजवळच्याच भागांतल्या आहेत आणि सी-फूडबरोबर फार छान लागतात. जवळपासच्या वायनरीच्या दोन-तीन वाइन लिस्टवर असतील तर आम्ही आधी त्याच बघतो.

आणि बाटल्या ठेवल्यात कुठे? उन्हात शोसाठी मांडलेल्या पारदर्शक बाटल्यांतली वाइन घेऊ नका, उजेडाने ती खरंच बिघडते, वास येतो. व्हाइट साधारण ८ ते १२ अंशांना चांगली लागते, रेड १५ ते १८, म्हणजे बाहेर उन्हातल्या टेबलावर ‘रूम टेम्परेचर’ची रेड गरमच असणार, ती दहा मिनिटं बर्फाच्या बादलीत ठेवायला सांगण्यात काही चूक नाही, बादलीत बर्फासोबत पाणीही हवं, नुसत्या बर्फाने वेळ लागतो.

बाटली उघडायच्या आधी लेबलवरचं वर्ष लिस्टशी जुळवा. उघडल्यावर ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बुचाचा दोष आहे, बदलून मागा, तो तुमचा हक्कच आहे. आणि आमच्या ट्रिपवर असताना लिस्ट बघून काहीच ठरत नसेल तर तिचा फोटो काढून आम्हाला पाठवा, आम्ही बघून सांगतो.