सशर्त बेरीज (स्प्रेडशीटमधील)

सशर्त बेरीज : स्प्रेडशीटच्या एका स्तंभातील मजकूर, तारीख वा आकडा ठरलेल्या अटीत बसत असेल, तेवढ्याच ओळींतील रकमा मिळवण्याची रीत. रोजकीर्दीवरून खतावणी लिहिताना प्रत्येक नावाच्या रकमा वेचून काढाव्या लागत. हे काम त्याच जातीचे. त्यासाठीची मुख्य फंक्शने (तयार गणिती आज्ञा) म्हणजे सम-इफ (एका अटीसाठी), सम-इफ्स (अनेक अटींसाठी) आणि सम-प्रॉडक्ट (स्तंभांचे ओळीनुसार गुणाकार करून ते मिळवणारे). (फंक्शनांची व स्तंभांची नावे येथे उच्चारानुसार दिली आहेत, सूत्रात ती रोमन लिपीतच टंकावी लागतात.)

उगम : डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँक्स्टन यांच्या व्हिसिकॅल्क या स्प्रेडशीट-प्रणालीत (१९७९) बेरीज होती, पण सशर्त बेरजेचे स्वतंत्र फंक्शन नव्हते. लोटस १-२-३ या नंतरच्या प्रणालीत (१९८३) डीसम हे अटीत बसणाऱ्या ओळींची बेरीज करणारे फंक्शन आले. त्याची अट सूत्रात लिहिता येत नाही. ती वेगळ्या सेलमध्ये, वर स्तंभाचे शीर्षक देऊन मांडावी लागते. त्यामुळे वीस खात्यांच्या बेरजा हव्या असतील तर अटींचे वीस चौकोन मांडावे लागत. एक्सेलमध्ये सम आणि इफ एकात एक घालून, कंट्रोल-शिफ्ट-एंटर दाबून तेच काम साधता येई, आणि आजही येते.

सम-इफ एक्सेलमध्ये केव्हा आले हे ठरवताना जुन्या फाईल-स्वरूपातील फंक्शन-क्रमांक उपयोगी पडतात. डीसमचा क्रमांक ४१, सम-प्रॉडक्टचा २२८, सम-इफचा ३४५ आणि सम-इफ्सचा ४८२ आहे. हे क्रमांक साधारणपणे भर पडत गेली त्या क्रमाने चढतात. यावरून सम-इफ हे सम-प्रॉडक्टनंतरचे ठरते, आणि त्याचा काळ एक्सेल ५ चा, म्हणजे १९९३ च्या सुमाराचा मानणे अधिक सयुक्तिक वाटते. सम-इफ्सबाबत शंका नाही. ते एक्सेल २००७ मध्ये आले.

रचना : बी स्तंभात तपशील व सी स्तंभात रक्कम असल्यास सूत्र =सम-इफ(बी२:बी५००,"वीजबिल",सी२:सी५००) असे होते. सम-इफ्समध्ये क्रम उलटतो : बेरजेचा स्तंभ आधी, मग अटींच्या जोड्या (कमाल १२७). एकाचे सूत्र दुसऱ्यात बदलताना होणाऱ्या बहुतेक चुका या उलट्या क्रमामुळे होतात. अटीची व बेरजेची श्रेणी (सेलांचा पट्टा, उदा. बी२:बी५००) यांची लांबी जुळत नसेल तर सम-इफ्स त्रुटी दाखवते. सम-इफ मात्र बेरजेच्या श्रेणीचा पहिला सेल धरून पुढची लांबी अटीच्या श्रेणीएवढी मानते आणि उत्तर देऊन मोकळे होते. म्हणून एकच अट असली तरी सम-इफ्स वापरणे अधिक सुरक्षित.

मजकुराची जुळणी : "पुणे" ही अट संपूर्ण सेलशी ताडली जाते. "पुणे*" लिहिल्यास पुणे शहर, पुणे ग्रामीण हेही येतात. मजकुरातच ताराचिन्ह असेल, उदा. मापात १०*१२, तर अटीत १०~*१२ असे लिहावे. प्रश्नचिन्ह एका चिन्हाऐवजी चालते, पण देवनागरीत चिन्ह म्हणजे अक्षर नव्हे : "पुणे" दिसायला दोन अक्षरे, संगणकाच्या लेखी चार चिन्हे (प, उकार, ण, मात्रा).

शब्दाच्या शेवटी राहिलेली मोकळी जागा जुळणी मोडते. ती ट्रिम फंक्शनने जाते. मात्र वेबपानावरून उतरवलेल्या मजकुरातली न तुटणारी जागा (संकेतांक १६०) ट्रिमला दाद देत नाही. ती सब्स्टिट्यूट फंक्शनमध्ये कॅर(१६०) देऊन काढावी लागते.

रोमन लिपीतील लहान-मोठ्या अक्षरांत सम-इफ भेद करत नाही. युनिकोड मराठीला याचा उपद्रव नाही, पण कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टांतील नोंदींना आहे. तिथे पूर्ण क लहान रोमन अक्षरावर, तर अर्धा क त्याच्याच मोठ्या रूपावर बसवलेला असतो. ल, त, न, म यांचेही तसेच. परिणामी "कल्पना" आणि चुकून "कलपना" अशी झालेली नोंद सम-इफला एकच वाटते. शिवाय युनिकोडमध्ये टंकलेली अट अशा नोंदींशी मुळीच जुळत नाही. आधी सर्व मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा, हाच खरा उपाय.

आकड्यासारखा मजकूर : अट आकड्यासारखी दिसत असेल तर तिचा आकडाच केला जातो. "००७" या अटीत ७ ही नोंदही बसते. यातून उद्भवणारी गंभीर चूक १६ अंकी खाते क्रमांकांची आहे. एक्सेल १५ च अंक अचूक धरते, त्यामुळे फक्त शेवटच्या अंकात फरक असलेली दोन खाती, मजकूर म्हणून साठवलेली असूनही, एक मानली जातात आणि दोघांच्या रकमा एकत्र होतात. ए२&"*" अशी अट दिल्यास जुळणी मजकूर म्हणून होते; फक्त सर्व क्रमांक सारख्या लांबीचे हवेत, नाहीतर ००७१ हेही ००७ खाली जाईल.

उलट बाजूने, बेरजेच्या स्तंभातील मजकूररूपी आकडे सूचना न देता वगळले जातात. डावीकडे सरकलेला आकडा व सेलच्या कोपऱ्यातील हिरवा त्रिकोण ही त्याची खूण. मोकळ्या सेलमध्ये १ लिहून तो कॉपी करावा आणि पेस्ट स्पेशलमधून त्या स्तंभाला गुणावा. चुकीची बेरीज त्रुटी म्हणून दिसत नसल्याने ताळा घेणे अपरिहार्य आहे : सर्व खात्यांच्या सशर्त बेरजा मिळवून स्तंभाच्या एकूण बेरजेशी पडताळाव्यात. न जुळलेल्या नोंदी फरकात सापडतात. दोन खाती एकमेकांत मिसळली असतील तर त्यांची रक्कम दोनदा धरली जाऊन बेरीज जास्त येते. वगळलेले मजकूररूपी आकडे मात्र दोन्ही बेरजांतून सुटतात, म्हणून ते आधीच दुरुस्त करावेत.

तारीख : एप्रिल २०२४ पासूनच्या रकमांसाठी ">="&डेट(२०२४,४,१) अशी अट द्यावी. आत ती ४५३८३ या क्रमांकाने ताडली जाते. मजकूर म्हणून शिरलेल्या तारखा या अटीत येत नाहीत.

बंद असलेल्या दुसऱ्या फाईलकडे बोट दाखवणारे सम-इफ त्रुटी देते. तिथे सम-प्रॉडक्ट चालते.

लिब्रेऑफिस कॅल्क या एक्सेलसारख्या दुसऱ्या प्रणालीत अट पूर्ण सेलला लावायची की नाही, ही स्वतंत्र निवड आहे. ती बंद असल्यास "पुणे" या अटीत "पुणे ग्रामीण"ही मोजले जाते.