रविवारचं घर, सोमवारची गाडी

इंदूरजवळच्या राऊवरून पीथमपूरच्या दिशेने वळलं की तिथल्या कारखान्यातून निघालेल्या, नंबर न पडलेल्या कोऱ्या ट्रॅव्हलर व्हॅन समोरून येताना दिसतात. त्यांतली एखादी शाळेच्या दारात उभी राहते, एखादी ओंकारेश्वरच्या फेऱ्या मारते, एखादी ॲम्ब्युलन्स होते. अलीकडे एखाद-दुसरी घर व्हायला जाते. इंदूरच्या मराठी घरांत कॅम्परव्हॅनचा, म्हणजे आत राहता-झोपता येईल अशा व्हॅनचा, विषय निघाला की फर्माईश बहुधा सारखीच असते: चौघांना झोपता यावं, आठ जणांना बसता यावं, आजीला पायरी चढता यावी, मे महिन्यात भाजू नये, जानेवारीत कुडकुडू नये, आणि सोमवारी दुकानाचा माल आणायचा झाला तर तोही मावावा. मिस्त्री ऐकून घेतो आणि हसतो. पण शेवटची अट, सोमवारच्या मालाची, हसण्यासारखी नाही. कॅम्परव्हॅनचा जन्मच त्या अटीतून झाला आहे.

चाकांवरचं घर ही कल्पना त्याहून बरीच जुनी. आपल्याकडे तर ती रस्त्याच्या कडेला मांडलेलीच असते. माळव्यात आणि राजस्थानात गाडिया लोहारांच्या गाड्या आजही दिसतात. संसार, भाता, ऐरण सगळं एका बैलगाडीत. १५६८ मध्ये चितोड पडलं तेव्हा त्यांच्या पूर्वजांनी घरात न राहण्याची शपथ घेतली, अशी आख्यायिका आहे. खाटेवर झोपायचं नाही हेही त्या शपथेत होतं, म्हणून खाट गाडीवर उलटी टाकून न्यायची. १९५५ च्या एप्रिलमध्ये पंडित नेहरूंनी त्यांना समारंभाने चितोडगडावर परत नेलं. तरी बऱ्याच गाड्या थांबल्या नाहीत. आपल्या आजोबा-पणजोबांच्या दमण्या आणि सारवट गाड्या प्रवासापुरत्या होत्या, मुक्कामाला धर्मशाळा असे. लोहाराची गाडी हाच मुक्काम.

हौसेने, म्हणजे गरज नसताना, चाकांवर राहायला जाण्याची सुरुवात इंग्लंडमधली मानतात. गॉर्डन स्टेबल्स हे आरमारातून निवृत्त झालेले डॉक्टर. त्यांनी १८८५ मध्ये ब्रिस्टलच्या एका वॅगन कारखान्याकडून ‘वाँडरर’ नावाची घोडागाडी बांधून घेतली आणि तीतून थेट स्कॉटलंडमधल्या इन्व्हर्नेसपर्यंत गेले. गाडी सुमारे दोन टनांची, आत महोगनीचं काम. चढावर घोड्यांचं काय झालं असेल, याचा विचार भेरूघाट चढलेल्या कुणाच्याही मनात येईल.

जर्मनीत कुटुंबासाठी म्हणून घडलेलं वाहन मात्र १९३१ सालचं. तिथल्या इस्नी गावचे आरिस्ट डेथलेफ्स यांचा चाबूक बनवण्याचा कारखाना होता. विक्रीसाठी ते आठवडेच्या आठवडे फिरतीवर असत. त्यांच्या वाग्दत्त वधू फ्रिडेल एडेलमान चित्रकार होत्या. त्यांना सोबत जायचं होतं आणि वाटेत चित्रंही काढायची होती. त्यातून मोटारीमागे जोडायचं ‘वोनआउटो’, म्हणजे राहायची गाडी, तयार झालं. मला ही गोष्ट आवडते, कारण यात सुट्टी नाही. नवऱ्याची फिरती आणि बायकोचं काम यांची सांगड घालायला केलेली ती सोय होती.

आता सोमवारच्या मालाकडे येऊ. १९४७ च्या एप्रिलमध्ये बेन पॉन या डच मोटार-व्यापाऱ्याने आपल्या वहीत एका खोकेवजा गाडीचं ओबडधोबड चित्र काढलं: इंजिन मागे, ड्रायव्हर पुढे, मध्ये माल. फोक्सवॅगनने १९५० च्या मार्चमध्ये ती गाडी बनवायला घेतली. लांबी जेमतेम सव्वाचार मीटर, ताकद २५ अश्वशक्ती. युद्धानंतरच्या जर्मनीत बेकरीवाला, रंगारी, प्लंबर यांना परवडे ते एकच वाहन. सुट्टीसाठी दुसरं घ्यायची कुणाची ऐपत नव्हती.

वीडेनब्रुकच्या वेस्टफालिया कारखान्याने १९५१ मध्ये जे विकायला काढलं ती गाडी नव्हती, पेटी होती. नावही तेच, ‘कॅम्पिंग बॉक्स’. लाकडी कपाट, घडीचं टेबल, पसरली की बिछाना होणारी बैठक, छोटी शेगडी, पडदे. शनिवारी दुपारी माल उतरवायचा आणि पेटी चढवायची. रविवारी रात्री पेटी काढून कोठीत ठेवायची. सोमवारी सकाळी गाडीत पुन्हा पाव. ‘फ्लेक्सिबल’ हा शब्द आज कॅटलॉगमध्ये चैनीसारखा छापतात, पण मुळात ती काटकसर होती: एक इंजिन, एक विमा, दोन कामं.

आणि इथून गोष्ट आपल्याकडे वळते. फोक्सवॅगनच्या त्या गाडीच्या एक वर्ष आधी, १९४९ मध्ये, हॅम्बुर्गच्या टेम्पो कारखान्याने मॅटाडोर नावाची तशीच खोकेवजा गाडी काढली होती. गंमत म्हणजे तिच्यात सुरुवातीला इंजिन होतं फोक्सवॅगनचंच. ते पुढे मिळेनासं झालं आणि टेम्पोला दुसऱ्या कंपन्यांच्या, पुढे ऑस्टिनच्या, इंजिनांकडे वळावं लागलं. याच टेम्पोबरोबर करार करून १९५८ मध्ये भारतात बजाज टेम्पो उभी राहिली. तिच्या तीनचाकीने मराठीला ‘टेम्पो’ हा शब्द इतका पक्का दिला की आता कोणत्याही कंपनीचं मालवाहू वाहन टेम्पोच असतं. तिच्यामागून मॅटाडोरची पुढची पिढी भारतात आली. १९८७ पासून ट्रॅव्हलर पीथमपूरला बनू लागली. तिचा मूळ साचा मर्सिडीजच्या टी-१ या व्हॅनचा. ती व्हॅन आधी ब्रेमेनमध्ये बनायची म्हणून जर्मन लोक तिला ‘ब्रेमर’ म्हणत, आणि तिच्यात घरं बसवणारे तिकडे पुष्कळ होते. वेस्टफालियानेही ‘जेम्स कुक’ हे आपलं मॉडेल तिच्यावर बांधलं. तेव्हा इंदूरच्या सरवटे स्टँडबाहेर ‘उज्जैन, उज्जैन’ असा पुकारा होत उभ्या असलेल्या जुन्या ट्रॅव्हलरचं कॅम्परव्हॅनशी नातं चुलत-मावस नाही, चांगलं सख्खं आहे. बजाज टेम्पोचं नाव २००५ मध्ये फोर्स मोटर्स झालं, पण नाव बदलल्याने नाती बदलत नाहीत.

पेटी मात्र इकडे कुणी आणली नाही. ती आपण न शिकताच केली. ऐंशीच्या दशकात आम्ही अकरा जण भाड्याच्या मॅटाडोरने जेजुरीला गेलो. निघायच्या आदल्या संध्याकाळी काकाने तेरा नंबरचा पाना घेऊन मधलं बाक काढलं आणि ओसरीवर ठेवलं. मोकळ्या जागेत दोन गाद्या, त्यांच्याखाली चिवड्या-चकल्यांचे डबे, दारापाशी पाण्याचं पिंप आणि वातींचा स्टोव्ह. बिजासन घाटाखाली रात्र झाली तेव्हा बायका-मुलं आत झोपली, पुरुष बाहेर सतरंजीवर. घरी राहिलेले आजोबा चार दिवस ओसरीवरच्या त्या बाकावर बसून पेपर वाचत होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते की गाडी गेली जेजुरीला, मी इथेच बसलोय. परत आल्यावर चौथा बोल्ट सापडेना. तीन बोल्टांवर बसवलेलं ते बाक परत करताना काकाने मालकाशी जे संभाषण केलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तिकडे पश्चिमेत दरम्यान पैसा आला. कामाची गाडी वेगळी, सुट्टीची वेगळी झाली आणि साठ-सत्तरच्या दशकांत पेटी गाडीच्या अंगाला कायमची चिकटली. ओटा, सिंक, कपाट सगळं पत्र्याला ठोकलेलं. जागा वाढवायला छप्पर उचलायची युक्ती आली. इंग्लंडमधल्या फोकस्टनच्या मार्टिन वॉल्टर कंपनीची ‘डॉर्मोबिल’ त्यासाठी प्रसिद्ध. एका बाजूला बिजागऱ्या आणि दुसरी बाजू पट्ट्या-पट्ट्यांच्या कापडासह वर. दिसायला फार देखणी. युरोपातून इराण-अफगाणिस्तानमार्गे हिंदुस्थानात येणाऱ्या तरुणांच्या व्हॅन साधारण याच काळातल्या. तो रस्ता १९७९ मध्ये इराणातली क्रांती आणि अफगाणिस्तानातलं सोव्हिएत सैन्य यांमुळे बंद झाला.

(सुटसुटीत सामानाचं कौतुक इंदूरला नवं नाही. दुसऱ्या यशवंतराव होळकरांनी १९३० च्या दशकात एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुरचनाकाराकडून माणिकबाग बांधून घेतली, तेव्हा तिथे आयलीन ग्रे या डिझायनरची ‘ट्रान्सॅट’ खुर्ची आली होती. आगबोटीच्या डेकवरच्या आरामखुर्चीवरून सुचलेली. त्या राजवाड्यात आता केंद्रीय कर खात्याचं कार्यालय आहे.)

कॅम्परव्हॅनचं बहुतेक तंत्र थंड देशांत वाढलं आहे. ‘वर्षभर’ म्हणजे त्यांच्या लेखी हिवाळ्यातसुद्धा. गाडीच्याच टाकीतून थेंबथेंब डिझेल घेऊन रात्रभर गरम हवा सोडणारे हीटर, दोन पदरी खिडक्या, पत्र्याच्या फासळ्यांवर चिकटवलेला फोम. फोमचं काम नुसतं थंडी अडवण्याचं नाही. झोपलेला माणूस श्वास आणि घामावाटे तासाला साधारण ४० ग्रॅम पाणी सोडतो. चार माणसं, आठ तास, म्हणजे सव्वा लिटर. बंद गाडीत ते थंड पत्र्याला लागून ठिबकतं, गाद्यांच्या खाली मुरतं आणि महिनाभरात बुरशीचा वास येतो. माळव्यातल्या जानेवारीतही हे होतं. छतातली खिडकी बोटभर उघडी ठेवणं हा त्यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय, आणि आमच्याकडे ‘वारा लागेल’ म्हणून आई ती हमखास बंद करते.

फ्रिजचीही अशीच गोष्ट. १९२२ मध्ये स्टॉकहोममध्ये फॉन प्लाटेन आणि मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी ज्योतीवर चालणारा, एकही हलता भाग नसलेला फ्रिज शोधला. १९२५ मध्ये इलेक्ट्रोलक्सने तो घेतला आणि पुढे कित्येक दशकं जगभरच्या कॅरॅव्हॅनमध्ये तोच बसला. पण चाळिशीच्या पारा-चढीत तो धापा टाकतो. आपल्या हवेला बॅटरीवरचा कॉम्प्रेसर-फ्रिज बरा.

उन्हाळा हा आपला खरा प्रश्न, आणि त्याला युरोपचं उत्तर नाही. एसीचा हिशेब सरळ आहे: एक टनाचं यंत्र सुमारे एक किलोवॅट खातं. रात्रीच्या आठ तासांत कॉम्प्रेसर निम्मा वेळ चालला तरी चार युनिट. १२ व्होल्टची, २०० अँपिअर-अवरची महागडी लिथियम बॅटरी भरून देते अडीच युनिटं. छतावरचे सोलर पॅनेल तूट भरून काढतील ही आशा जुलैच्या ढगांत विरते. गरम मुलखांत विकल्या जाणाऱ्या लँड रोव्हरला पूर्वी दुहेरी छप्पर असायचं. मूळ पत्र्यावर बोटभर पोकळी सोडून दुसरा पत्रा. ऊन वरचा पत्रा खातो, मधली हवा वाहून जाते. ट्रॅव्हलरवर सोलर पॅनेल तसेच उचलून बसवले की तेच काम फुकटात होतं. शिवाय मे महिन्यातली माळव्याची हवा कोरडी असते, तेव्हा खिडकीला वाळ्याचा ओला पडदा आणि मागे १२ व्होल्टचा पंखा यांनी जेवढं निभतं तेवढं निभतं. पावसाळ्यात हा उपाय कुचकामी. तेव्हा डॉर्मोबिलचं ते देखणं कापडी छप्परही नको. चार दिवस भिजून घडी घातलेलं कापड पाचव्या दिवशी उघडलं की कळतं का नको ते. इकडे वर्षभराची गाडी म्हणजे उंच, पक्क्या छपराची गाडी. उभं राहता आलं की म्हाताऱ्या माणसांचे निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

सरकारांचं लक्ष या विषयाकडे उशिरा गेलं. महाराष्ट्र आणि केरळ यांनी २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाची धोरणं जाहीर केली, ती मुख्यतः भाड्याच्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवून. घरगुती गाडी बदलायची तर गाठ पडते मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ शी. नोंदणीच्या कागदावर जे आहे त्याहून गाडी वेगळी करायची नाही, करायची तर रीतसर परवानगी घेऊन कागदावर चढवायची. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे कडक शब्दांत सांगितलं. म्हणजे बाकं किती, ती कुठे, पट्टे कुठे अडकवलेत, हे मिस्त्री आणि मालक यांच्यातलं खासगी प्रकरण उरत नाही. बाकाचा पलंग होणं सोपं आहे. पण पलंग होणारं बाक ब्रेक लागल्यावर तीन माणसांना धरून ठेवेल का, ही परीक्षा वेगळी. सनमायक्याचा रंग निवडण्याआधी ती व्हायला हवी. गॅसचंही तसंच. गॅस हवेपेक्षा जड, तो खाली साचतो, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारं भोक लागतंच लागतं. इथे मी कुणाचंही ‘चलता है’ ऐकून घेत नाही.

गंमत अशी की जगभरचे डिझाइनवाले गेली काही वर्षं पुन्हा पेटीकडे वळलेत. तळाला विमानातल्या खुर्च्यांसारखी ॲल्युमिनियमची पट्टी, तिच्यावर सरकणारी-निघणारी बाकं, मागच्या दारातून ओढून काढायचा ओटा. इंदूरच्या पोलो ग्राउंडजवळच्या एका वर्कशॉपमध्ये गेल्या महिन्यात असाच एक ओटा पाहिला. बारा मिलिमीटरचा हलका प्लाय, कडांना ॲल्युमिनियमची कोपरपट्टी, खाली पाण्याचे वीस-वीस लिटरचे दोन कॅन. टाकी नाही, कॅनच, कारण कॅन कुठल्याही नळावर नेता येतो. मालकीणबाईंनी मिस्त्रीला तो दोनदा उतरवायला आणि चढवायला लावला आणि मोबाइलवर वेळ लावली. पहिल्यांदा अकरा मिनिटं, दुसऱ्यांदा सात. मग त्यांनी विचारलं, रिकामा भरतो किती? अडतीस किलो. ‘तीसवर आणा,’ त्या म्हणाल्या, ‘सोमवारी हे ऑफिसला लवकर जातात, मला आणि मुलीलाच उचलायचाय.’