परदेशात केलं म्हणून कंपनी सुटत नाही, खुलासा वाचा
बेळगाव, खानापूर, निपाणीकडं गल्फला जाणाऱ्या पोरांच्या घरात एक गोष्ट कित्येक वर्षं फिरायलीय, की कंपनीनं परदेशात काहीबी केलं तरी तिच्या मूळ देशात केस होतच नाही. भोपाळच्या गॅसकांडाचं (कंपनी अमेरिकन युनियन कार्बाइडची) उदाहरण देतात, आणि ते खरंच आहे, 1986 ला अमेरिकन कोर्टानं ती केस भारतात पाठवली होती. पण सगळीकडं तसंच होतंय हे चूक आहे.

आफ्रिकेतल्या झांबियात चिंगोला गावाजवळच्या तांब्याच्या खाणीनं पाणी खराब केलं अशी तक्रार गावकऱ्यांनी थेट लंडनमध्ये केली, खाण चालवणारी झांबियातली सबसिडरी, म्हणजे मूळ कंपनीच्या ताब्यातली कंपनी, आणि मूळ कंपनी वेदांता मात्र ब्रिटनमध्ये रजिस्टर, तर 2019 ला ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं की मूळ कंपनी त्या कारभारात किती लक्ष घालत होती हे तपासण्यासारखं आहे, आणि झांबियात एवढी मोठी केस लढायला या गरीब लोकांना पैसा आणि तयारीचे वकील मिळणं अवघड, म्हणून ती केस ब्रिटनमध्ये चालू शकते. दोषी ठरवणारा निकाल हा नव्हता, पुढं 2021 ला जबाबदारी मान्य न करता तडजोड झाली, हेबी नीट लक्षात घ्या. आफ्रिकेतल्याच इरिट्रिया देशात एका कॅनडाच्या कंपनीच्या खाणीवर सक्तीनं राबवलं असं म्हणणाऱ्या कामगारांची केस कॅनडाच्या सुप्रीम कोर्टानं 2020 ला पुढं चालू दिली.

अमेरिकेत मात्र 2013 आणि 2018 च्या निकालांनी हा रस्ता फार अरुंद झालाय. त्यामुळं मूळ कंपनी कुठल्या देशात रजिस्टर आहे ते आधी बघा, आणि पोराच्या काँट्रॅक्टची झेरॉक्स घरात ठेवाच, एजंट काय पण सांगूदे.